चंद्राचा पाय

ब्लाऊज शिवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली आणि एका सकाळी मला स्वतःच्याच ब्लाऊजच्या बाहीत उजवा हात घालता येईना. हात मागे नेला की खांद्याच्या फऱ्याखालून एक कळ निघायची आणि मानेपर्यंत चढायची. मी न्हाणीघरात अर्धी बाही घालून उभी, बाहेरून आमचे हे विचारतायत, "चहा गार होतोय, झालं का?" मला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं. एवढं साधं काम जमेना याचा राग आला होता.

हे लिहितेय ते माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांसाठी. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरातल्या निम्म्या जणी माप द्यायला हात वर करतात तेव्हा त्यांचा चेहरा वाकडा होतो. मी विचारते, किती दिवस दुखतंय? त्या म्हणतात, "अहो शैलाताई, ते काय, चालायचंच." मीही वर्षभर तेच म्हणत होते. डॉक्टरकीतलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा औषधांची नावं इथे शोधू नका. मला काय झालं, कशाने बरं वाटलं आणि कशाने नाही, तेवढंच सांगणार आहे.

उसण

सुरुवात गौरीगणपतीच्या आधी झाली. त्या पंधरा दिवसांत माझ्या मशीनला उसंत नसते. मान खाली, उजवा खांदा पुढे, पाय पेडलवर. एका दुपारी उठायला गेले आणि पाठीत चमक भरली. आमच्याकडे त्याला उसण म्हणतात. मी म्हटलं, भरली असेल उसण, उतरेल दोन दिवसांत. बाम चोळला, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं, उरलेले ब्लाऊज दात-ओठ खाऊन पुरे केले. गणपती गेले, दिवाळी गेली, उसण काही गेली नाही.

पुढे पुढे कढई उचलता येईना. केस विंचरताना हात अर्ध्यावर थांबायचा. कुशीवर वळलं की जाग यायची. चिडचिड एवढी वाढली की गिऱ्हाइकाला मी एकदा सुनावलं, "घाई असेल तर तयार घ्या दुकानातून." बाई परत आली नाही. बरोबरच केलं तिने.

ह्यांना बोलावं तर तेही पाप. तळोज्याच्या कारखान्यात शिफ्ट करून दमून येणार, तरी मी सांगितलं की खांदा दाबायला बसायचे. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने खांदा. बातम्या रंगल्या की हात थांबायचा, जाहिरात लागली की सुरू. एकदा मी विचारलं, "तुम्ही माझा खांदा दाबताय की सोफ्याचा?" ते म्हणाले, "दोन्ही सारखेच कडक झालेत." मी हसले, आणि मग आत जाऊन रडले. पुण्याला नोकरीला असलेली आमची अश्विनी फोनवर म्हणायची, "आई, स्ट्रेस असेल, योगा कर." तिचंही चुकलं नाही. लांबून तेवढंच सांगता येतं.

मग शेजारणीने एका मालिशवाल्या बाईचं नाव सुचवलं. बाई घरी आली, तेलाची बाटली उघडली आणि म्हणाली, "रडाल, पण बऱ्या व्हाल." अर्धं भविष्य तिने अगदी खरं सांगितलं. कोपर घालून तिने पाठ अशी रगडली की मी उशी चावत होते. तिला थांबवायची मला लाज वाटली. आपणच बोलावलं, आता कसं सांगायचं? दोन दिवस पाठ काळीनिळी होती आणि ताप आला. तेव्हा पहिली गोष्ट ऐका. जितकं जोरात तितकं चांगलं, हे साफ खोटं आहे. चोळणाऱ्याला थांब म्हणायला लाजू नका.

काही नाही

डावीकडेही दुखायला लागलं तेव्हा हे घाबरले आणि मला इस्पितळात घेऊन गेले. ईसीजी झाला, एक्स-रे झाला, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घालून एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. हे रिपोर्टची पिशवी हातात घेऊन खुश, "बघ, काही नाही झालेलं तुला."

लोकांना वाटेल, बाईला आनंद व्हायला हवा. स्कूटरवर ह्यांच्या मागे बसून घरी येताना मला वाटत होतं, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. काही नाही, तर मग हे काय आहे? मी नाटक करते का? हा विचार मला पुढे महिनाभर छळत होता, आणि दुखण्यापेक्षा तो वाईट होता.

महिन्याने दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघितले आणि बाजूला ठेवले. मला स्टुलावर पाठमोरं बसवलं आणि बोटांनी पाठ चाचपत गेले, मी कापडातली गाठ शोधते तशी. फऱ्याखाली एका जागी त्यांचा अंगठा थांबला. दाबला मात्र, माझ्या तोंडून "अगं आय गं" निघालं. बत्तीस वर्षं शहरी बोलून मी "आई" म्हणायला शिकले होते, पण कळीबरोबर माहेरची आयच बाहेर आली.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "स्नायूत गाठी झाल्यात. हे मशीनला दिसत नाही, बोटाला लागतं. खरं दुखणं आहे हे, मनाचे खेळ नाहीत."

मी तिथेच हमसून रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं फार दुखलं. हे खिशात रुमाल शोधत होते. मला एवढंच कळत होतं की कोणीतरी नेमकं तिथे बोट ठेवलंय आणि मी खोटी ठरलेले नाही. निदानाचा दिवस लोक वाईट म्हणून सांगतात. माझा मला अजून आठवतो तो असा.

हिरवा पडदा

मग रोज सकाळी अकराला फिजिओथेरपी. एक लांब खोली, हिरवे पडदे, पडद्याआड पाच खाटा. आधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी, मग विजेच्या तारांच्या चिकटपट्ट्या, आणि शेवटी नाझिया मॅडमचे हात. ही पनवेलचीच मुलगी, तिशीच्या आतली. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची.

"दहापैकी किती दुखतंय, ताई?"

"साडेसात."

"साडेसात कोई नहीं बोलता!"

"मी टेलर आहे. अर्धा धरल्याशिवाय माझं माप होत नाही."

ती रगडायची नाही. अंगठा गाठीवर ठेवायची, जरासा भार द्यायची आणि तसाच धरायची. "साँस छोडो, ताई. लढू नका माझ्याशी." आधी कळ वाढायची, मग एका क्षणी आतलं काहीतरी सैल पडायचं आणि तिथे ऊब यायची. कधी लांबून सरळ हात फिरवायची, कधी खांदा धरून हळूच झुलवायची. शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा पडद्याआडून रोज विचारायचे, "आज कितीवर, बाई?" मी म्हणायचे, "सहा." ते म्हणायचे, "मी पाचवर, जिंकलो."

कबूल करायला संकोच वाटतो, पण मी त्या वीस मिनिटांची वाट बघत असायचे. बाळाला सगळे चोळतात, बाळंतिणीला चोळतात. मग पुढची चाळीस वर्षं बाईच्या पाठीला कोणाचा हात लागत नाही. दिवसभर मी दुसऱ्या बायकांच्या खांद्यावर टेप धरते. माझ्या खांद्यावर कोणी तरी बोट ठेवून "इथे का?" विचारतंय, याचीच मला भूक होती.

एके दिवशी तिने तळहाताचा खालचा भाग पाठीवर ठेवून भार दिला आणि मला एकदम चंद्राची टाच आठवली. रडू फुटलं. नाझिया मॅडमने हात काढला नाही. "कोई बात नहीं, रोओ. होतं असं," म्हणाली. मी पालथी पडूनच तिला चंद्राची गोष्ट सांगितली.

पायाळू

चंद्रा माझी धाकटी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमचं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं, मासेमारीचं. चंद्रा जन्मली ती पाय पुढे करून. अशा मुलाला पायाळू म्हणतात. पायाळूने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. पायाळूवर वीज पडते, असंही मानतात. त्यामुळे आभाळ गडगडलं की आय तिला आतल्या खोलीत बसवायची, पायातले चांदीचे वाळे काढून घ्यायची. आणि आभाळ उघडं असलं की सकाळी दारात माणसं यायची, जाळी ओढताना पाठ धरलेले बाप्ये, टोपली उचलताना चमक भरलेल्या बाया. तोंडात पाण्याचा घोट न घालता यायचं, ओट्यावर पालथं पडायचं. सहा वर्षांची चंद्रा नुकताच धुतलेला गार पाय तीनदा टेकवायची, आणि मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून लगेच खाली वाकून नमस्कार करायची. माणूस उठून कंबर हलवून बघायचा आणि हसायचा. तिला त्याची केवढी ऐट! माझ्या पाठीवर तर ती दोन्ही पायांनी उभी राहायची आणि उतरायलाच तयार नसायची.

पुढे तिला बघायला करंजा बंदराकडचे पाहुणे आले. घरची बोट, मुलगा देखणा, आणि चंद्राला तो आवडला होता. मी नुकतं लग्न होऊन पनवेलला आलेली, मोठी शहाणी, तिला साडी नेसवायला गेले होते. मुलाची आई बसमधून उतरतानाच पाठ धरून उतरली. पाटावर बसवेना तिला. आय आत पोहे परतत होती आणि मी अभिमानाने बोलून गेले, "मावशी, आमची चंद्रा पायाळू हाय. आत्ता पाय लावंल, लगेच उठून बसाल."

आयने आतून माझ्याकडे जे बघितलं ते मला तेव्हा कळलं नाही. चंद्राने पाय लावला. बाई खरंच उठून बसली, दोन वेळा पोहे मागून घेतले, बसपर्यंत ताठ चालत गेली. चार दिवसांनी निरोप आला. पोरगी लाखात एक, पण आमचं पोटपाणी दर्यावर. पायाळू घरात आणून इजेला आवतण कशाला द्यायचं?

त्यानंतर सहा वर्षं चंद्राचं लग्न जमलं नाही. मग जासईला जमलं, मुलगा कंटेनर यार्डात कामाला, जमिनीवरचा. संसार नीट झाला. माझ्याशी ती कधी भांडली नाही. लग्नाकार्यात भेटते, बोलते, घरी गेलं की चहा देते, पाहुणीला देतात तसा बशी पुसून. माझ्याकडे मात्र कधी राहायला आली नाही. आणि तो निरोप आला त्या दिवसानंतर तिने कोणाच्याही पाठीला पाय लावला नाही. गावातली माणसं येऊन परत जायची. मीही कधी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. वेळ जाईल तसं विसरेल, असं म्हणत बत्तीस वर्षं घालवली.

नाझिया मॅडमने सगळं ऐकलं. "पैर का वजन पडतो ना ताई, मसल ढीला होतो. और भरोसा भी होता है," म्हणाली. मग नेहमीचं विचारलं, "घरी कोणी आहे का करणारं? घेऊन या, मी शिकवते."

बोंबलाचा भाव

शिकायला हे आले. प्रामाणिकपणे आले, मोबाइल घरी ठेवून. पण त्यांच्या हाताला भीतीच फार. मी नुसता श्वास घेतला तरी "दुखलं?" म्हणून हात उचलायचे. आता खरं सांगते, त्यांचा हात मला नको होता असं नाही. पण मला चंद्राचा पाय हवा होता. पन्नाशी उलटलेली बाई, रिपोर्ट बघितलेली, व्यायाम शिकलेली, आणि मनात एकच हट्ट, तिने एकदा पाय लावावा. बरी होईन म्हणून नव्हे. लावला, तर तिने माफ केलं असं मी समजणार होते.

पण मागायचं कसं? तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा सुक्या बोंबलाचा भाव विचारला. दुसऱ्यांदा जवळ्याच्या वड्यांत कांदा किती घालायचा ते विचारलं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "ताय, तुला काय झालंय? बोंबील आवडत नाय तुला." मी म्हटलं, "काय नाय गं, सहज." फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले.

शेवटी ह्यांनी मला न विचारता तिला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बत्तीस वर्षांत केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

हात

ती एका दुपारी आली. हातात सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी, कपाळाला घाम. जासईपासून ट्रेलरांच्या गर्दीत बस तासभर अडकली होती, त्याबद्दल आधी पाच मिनिटं बडबडली. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आदीच सांगते, ताय. पाय नाय लावनार."

"मी कुठं मागितला?"

"तू मागत नायस. तुजं तोंड मागतंय."

मला वाटलं, संपलं. माझा चेहरा पडला असणार. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, वाटीत खोबरेल तेल कोमट करून आणलं. "पालथी पड," म्हणाली. "हातानं चोळते. ते डाक्टरनीवानी नाय जमनार."

मी दिवाणावर पडले. कोळंबी सोलून तिचे तळहात खरखरीत झालेत. तो हात माझ्या पाठीवर आला आणि मी डोळे मिटले. डावीकडे मानेजवळ तिने सुरुवात केली. डावीकडचं केव्हाच थांबलं होतं, दुखणं उरलेलं उजवीकडे, फऱ्याखाली. ती वरच्या वरच चोळत राहिली. चुकलं म्हटलं आणि तिने हात काढून घेतला तर? तिथे काही दुखत नव्हतं, तरी मला तो हात तिथेच राहायला हवा होता.

बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "हात चुकतोय ना?"

"नाय."

"खोटं बोलू नको. दुखनारी बाई अशी निवांत पडत नाय."

तेव्हा उशीत तोंड खुपसून मी बोलले. एरवी समोर बघून जमलं नसतं. "चंद्रे, तवा मी बोलाय नको होतं. त्या बाईसमोर. माझ्यामुळं झालं ते."

हात थांबला. तिथेच, पाठीवर. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"सा वर्सं मी घरात बसले, ताय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नवीन पावना आला का तू यायचीस, मना साडी नेसवायचीस, निऱ्या घालायचीस, मापात. दर येळी वाटायचं आता बोलंल. बोलली नायस. तो पोरगा कवाच इसरले मी. ह्ये नाय इसरले."

"चुकलं माझं," एवढंच म्हटलं, आणि ते उशीत गेलं. तिला ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून मान वळवून पुन्हा म्हटलं. उजवीकडे कळ आली.

ती काही वेळ तेलाच्या वाटीत बोट फिरवत बसली. मग विचारलं, "त्या बाईची उसन गेली होती पन, ना?"

"गेली होती. ताठ चालत गेली. मी सोडायला गेले होते बसपर्यंत."

"मागं वळून पन बगितलं नसंल."

"नाय."

"मंग." तिने पदराला हात पुसला, पुन्हा तेलात बुडवला आणि माझ्या पाठीवर ठेवला. "आता नीट सांग. वर का खाली?"

"खाली," मी म्हटलं. "उजवीकडं. आनखी खाली."